शेत_अंतिम_नक्की_31

दामलेसाहेबांच्या घरी गेलात तर सोफ्याच्या डाव्या टोकाला बसू नका. तिथली स्प्रिंग वर आली आहे आणि ती 2011 पासून वर आलेली आहे. सोफा बदलायचा नाही, कारण ‘आपण शेतावर राहायला जाणार, तिकडे ओटीवर लाकडी बाकं करू.’ भिंतींना रंग द्यायचा नाही, कारण जाताना फ्लॅट भाड्याने द्यायचाय, तेव्हा एकदाच देऊ. फ्रिजचं दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागत नाही. पण तो इथेच मोडीत काढून जायचाय. गॅलरीत तुळशीखेरीज कुंडी नाही, कारण झाडं लावायची ती तिकडेच. कोथरूडमधला दोन बेडरूमचा हा फ्लॅट गेली कित्येक वर्षं सामान बांधण्याच्या बेतात आहे. त्या घरात नवीन असं काही आलंच असेल तर तो स्टीलचा मोजपट्टा. पाच मीटरचा होता, आता तीस मीटरचा आहे.

साहेब एका बँकेच्या अंतर्गत हिशेब तपासणी विभागातून निवृत्त झाले. शाखेत ते अचानक उगवले की व्यवस्थापक आधी पाणी मागायचे, स्वतःसाठी. माणूस मुळात सज्जन. कुणाला घालूनपाडून बोलणार नाहीत, फक्त ‘याचं व्हाउचर?’ एवढंच विचारतील. शेतावर जायचं वेड त्यांना नेमकं कधी लागलं याची नोंद नाही, पण त्याचं अंदाजपत्रक कधी सुरू झालं याची आहे. फाइलचं नाव आधी नुसतं ‘शेत’ होतं. मग ‘शेत_नवीन’ झालं, मग ‘शेत_अंतिम’, मग ‘शेत_अंतिम_नक्की’. हल्ली एकतिसावी आवृत्ती चालू आहे.

ही फाइल मी पाहिली आहे. आमच्या सोसायटीत ती न पाहिलेला माणूस म्हणजे तळमजल्यावरचे नवे भाडेकरू, आणि त्यांनाही पाडव्याला बोलावलंय. रकाने पाच : बाब, परिमाण, दर, रक्कम, शेरा. पहिले चार कुणीही भरील. साहेबांचा जीव शेऱ्यात आहे. नोंदणी शुल्काच्या ओळीपुढे ‘1 टक्का, पण कमाल 30,000’ असं लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलंय. सगळ्या फाइलीत ते एकच उद्गारचिन्ह. सरकारने कुठेतरी थांबायचं ठरवलंय, याचा तो आनंद आहे. बोअरच्या दोन ओळी आहेत : ‘बोअर (कोरडं)’ आणि ‘बोअर (पाण्याचं)’, याच क्रमाने. पाणी लागो न लागो, मशीनवाल्याचं बिल फुटावर लागतं, आणि खोल जाल तसा फुटाचा दरही चढत जातो, हे त्यांनी पाच गाडीवाल्यांना फोन करून पक्कं केलंय. पक्का खडक लागेपर्यंत केसिंगचा पाइप वेगळा. त्याखाली ‘पाणाड्या, नारळासह’ अशी एक ओळ आहे. शेरा : ‘माझा विश्वास नाही. गाडीवाल्याचा आहे.’

आता एक अडचण अशी, की महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63. शेतकरी व्हायला जमीन हवी आणि जमीन घ्यायला शेतकरी हवा, या तिढ्यात कोथरूडचं अर्धं निवृत्त मंडळ अडकून पडलंय. साहेब सुटले ते पणजोबांमुळे. गुहागर तालुक्यात एक सातबारा आहे, त्यावर दामले आडनावाची इतकी माणसं आहेत की उताऱ्याचं पान उलटावं लागतं. त्यातली काही वारली, काही अमेरिकेत आहेत, एक जण दोनदा आहे. क्षेत्र अठरा आर, त्यातलाही बराचसा पोटखराबा, म्हणजे कातळ. वारसांत सरळ हिश्श्याने वाटलं तर साहेबांच्या वाट्याला दोन मोटारी उभ्या राहतील एवढी जागा येते, त्याही एकमेकींना खेटून. पण तेवढ्या बळावर साहेब कागदोपत्री शेतकरी आहेत. बँकेचे अर्ज भरताना व्यवसायाच्या चौकोनात ते ‘शेतकरी (निवृत्त नाही)’ असं लिहितात. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकर कायद्याप्रमाणे करमुक्त असतं, म्हणून विवरणपत्रातही तो रकाना ते दरवर्षी भरतात. शून्य भरतात, पण भरतात.

जमिनीबद्दल त्यांच्या अटी अगदी साध्या. पुण्याहून दोन तासांत पोचता यावं, पण तिथून पुणं दिसू नये. समोर डोंगर असावा, जमीन मात्र उताराची नको. नदी जवळ हवी, पूररेषा लांब हवी. गाव हाकेच्या अंतरावर असावं, गावाचा लाउडस्पीकर नसावा. या अटींवर त्यांनी मुळशी, भोर, वेल्हे असे तिन्ही तालुके पालथे घातलेत. एजंट लोक सुरुवातीला त्यांच्या दारात रांग लावायचे. हल्ली नंबर पाहून फोन कापतात.

‘‘साहेब, एकदम रोडटच आहे,’’ एजंट म्हणतो.

‘‘कोणता रोड? पीडब्ल्यूडीचा, जिल्हा परिषदेचा, की लोकं जाऊन जाऊन झालेला?’’

इथे बरेच व्यवहार संपतात. जे पुढे जातात ते ‘इतर हक्क’ या रकान्यात अडकतात. सातबारा हातात आला की लोक मालकाचं नाव वाचतात, साहेब आधी ‘इतर हक्क’ वाचतात. कुठल्याशा सोसायटीचा बोजा, कुणा बहिणीचा हिस्सा, 1960 च्या सुमाराचं एखादं कूळ. यात मला त्यांचं शंभर टक्के पटतं. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या माणसांनी जमिनीचा सौदा डोंगर बघून केला आणि उतारा नंतर बघितला.

पण खरी गंमत पिकांच्या पानावर आहे. त्या पानाला सहावा रकाना आहे : ‘माझे वय’. 2011 साली साहेब त्रेपन्नाचे होते. हापूसची कलमं दहा मीटरवर लावायची, एकरी चाळीस बसतात. सहा-सात वर्षांत फळ धरतं, म्हणजे निवृत्तीच्या सुमाराला घरची पेटी. निरोप समारंभात वाटायला किती डझन लागतील तेही काढून ठेवलं होतं. 2018 साली निवृत्ती आली, जमीन आली नाही. आता आंबा धरला तर फळ पासष्टीनंतर, शिवाय हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष रुसतो, म्हणून आंबा गेला आणि काजू आला. वेंगुर्ला-4, तीन-चार वर्षांत सुरू. मग करोना आला. काजूची मुदत टळली आणि पानावर पपई आली, नऊ-दहा महिन्यांत हातात. पुढे शेवगा, पुढे वांगी. वय वाढत गेलं तसं पीक आखूड होत गेलं. एकतिसाव्या आवृत्तीत साहेब मेथीवर आलेत. पेरल्यापासून तीस दिवसांत जुडी.

‘‘आता यापुढे काय?’’ मी विचारलं.

‘‘मोड आलेली मटकी,’’ आतून वहिनी म्हणाल्या. ‘‘त्याला जमीन लागत नाही.’’

वहिनींचा शेताला विरोध आहे असं समजू नका. त्या पहिल्या दिवसापासून तयार आहेत. त्यांनी 2012 सालीच जादाचा कुकर, दोन पातेली आणि पाहुण्यांची गादी कामाच्या बाईंना देऊन टाकली, तेवढंच सामान कमी. तेव्हापासून पाहुणे आले की गादी माझ्या घरून जाते. त्यांचा प्रश्न एकच होता : शेतावर भाजीवाला येतो का? साहेबांनी तो मनावर न घेता ‘भाजी स्वतःची’ असा शेरा मारला. पण वहिनी बरोबर होत्या. खेड्यात भाजी आठवडे बाजारी मिळते, आणि भाजी पिकवणारा माणूससुद्धा बाजारातून बटाटे आणतो.

एकदाच त्या चिडलेल्या मी पाहिल्या. साहेबांनी नैसर्गिक शेतीचं पान काढलं तेव्हा. सुभाष पाळेकरांच्या कृतीप्रमाणे एका एकराला जीवामृत करायचं तर दोनशे लिटर पाण्यात दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती.

‘‘दोन किलो बेसन?’’ वहिनींनी विळी आडवी ठेवली. ‘‘मातीत?’’

‘‘एकरी. महिन्यातून एकदा.’’

‘‘आणि गूळ दोन किलो?’’

‘‘दोन.’’

‘‘मग तूप तेवढं काय म्हणून सोडलंय? मी लाडूच वळून देते, पुरून टाका.’’

साहेबांचा स्वभाव असा, की नमुना तपासल्याशिवाय रक्कम मंजूर करायची नाही. म्हणून त्यांनी विसावा हिस्सा करून पाहायचं ठरवलं. दहा लिटर पाणी, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन. बेसन किराणावाल्याकडून वेगळं आणलं, घरातल्या डब्याला हात लावायची हिंमत नव्हती. माती सोसायटीच्या बागेतली. निळ्या बादलीत ते कालवून गॅलरीत सावलीला ठेवलं, वर गोणपाट टाकलं, आणि सकाळ-संध्याकाळ काठीने घड्याळाच्या दिशेने ढवळायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्यांनी गटाराचं झाकण उघडून पाहिलं, मग वॉचमनला बोलावलं, मग प्लंबरला. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या सूनबाई वाळलेले कपडे परत धुवायला घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली आणि ‘सभासदांनी गॅलरीत शेतीविषयक प्रयोग करू नयेत’ असा ठराव मंजूर झाला. साहेबांनी विरोध केला नाही, फक्त ठरावाचा क्रमांक मागून घेतला. फाइलीत आता जीवामृताखाली गूळ, बेसन, आणि ‘सोसायटीचा दंड, रु. 500, पुनरावृत्ती नाही’ अशी नोंद आहे. बादलीतलं मिश्रण रातोरात सोसायटीच्या बागेत ओतलं गेलं. त्या वर्षी जास्वंद कधी नव्हे एवढी फुलली. अध्यक्षांनी वार्षिक अहवालात त्याचं श्रेय माळीकामाच्या उपसमितीला दिलं.

सामान हलवण्याचं पान हे मात्र कलाकृती आहे. घरातली प्रत्येक वस्तू मोजून तिचे घनफूट काढलेत. ‘छोटा हत्ती’चा हौदा सात फुटांचा, त्यात गोदरेजचं कपाट उभं, आडवं की तिरकं, याची तीन रेखाचित्रं आहेत. निकाल असा, की छोटा हत्ती दोन खेपा करील त्यापेक्षा मोठा टेम्पो एका खेपेत स्वस्त. पण मोठा टेम्पो गावच्या वेशीपर्यंतच जातो, पुढे चिखल. म्हणून ‘ट्रॅक्टर ट्रॉली, शेवटचे 700 मीटर’ अशी स्वतंत्र ओळ, आणि ट्रॉलीला हिसके बसतात म्हणून काचसामानाला गवताचे भारे. हमालीच्या दोन ओळी : पुण्याची आणि गावची. पुण्याच्या हमालीला दर आहे. गावच्या हमालीपुढे दर कोरा ठेवून शेरा लिहिलाय : ‘पैसे घेणार नाहीत. त्यामुळे जास्त पडेल.’ हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाने खेडं पाहिलेलं नाही असं कोण म्हणेल? जेवण, चहा, मग त्यांच्या मुलीच्या लग्नात आहेर, मग पुण्यातल्या दवाखान्यात ओळख. साहेबांनी पाच वर्षांचा ताळा मांडून आकडा काढलाय आणि तो पुण्याच्या हमालीच्या कितीतरी पट आहे.

आता तुम्ही विचाराल, न गेलेल्या माणसाला हे कळलं कसं? तर, गेलेल्यांकडून. साहेबांची फाइल घेऊन आजवर तीन कुटुंबं शेतावर राहायला गेली.

पहिले त्यांचे बँकेतले सहकारी. त्यांना आपण नाडकर्णी म्हणू. पेनड्राइव्हवर सातवी आवृत्ती घेऊन गेले आणि वर्षाच्या आत वेल्ह्याकडे एक एकर घेऊन घर बांधून मोकळे झाले. वास्तुशांतीला साहेब गेले. लोक जेवून वामकुक्षीला आडवे झाले, साहेब मोजपट्टा घेऊन शिवारात. येताना तीन ओळी घेऊन आले. पुढे विकणाऱ्याच्या चुलतभावाने बांधावरची वाट बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली आणि नाडकर्णी तहसील कार्यालयात खेटे घालू लागले, तेव्हा फाइलीत ओळ पडली : ‘वाट. जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. वेळ दीड वर्ष धरणे.’ आणि तिच्याखाली : ‘पर्यायी, शेजाऱ्याकडे दिवाळीचा फराळ. दरवर्षी. पहिल्या वर्षीपासून.’

दुसरा माझाच चुलत मेहुणा. दापोलीच्या बाजूला कलमांची तयार बाग घेतली. त्याच्यामुळे फाइलीत ‘वानर’ ही बाब आली. परिमाण : टोळी. शिवाय ‘राखणीचा नेपाळी गडी, हंगामापुरता’ आणि ‘गमबूट, टॉर्च, फुरशासाठी’. त्याच ओळीच्या शेऱ्यात एक अत्यंत शहाणी सूचना आहे, की प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का हे पावसाळा तोंडावर आला की स्वतः जाऊन विचारायचं, फोनवर नाही. मेहुण्याने ती वाचून हसून सोडून दिली होती. पहिल्या पावसात मोरीत फुरसं निघालं आणि तो त्याच रात्री केंद्रात विचारून आला.

तिसरं म्हणजे सी विंगमधलं संगणकातलं तरुण जोडपं. 2021 मध्ये घरून काम करायची मुभा मिळाली आणि भोरजवळ भाड्याने घर घेऊन दोघं गेले. ‘लाइट गेली की टॉवरही जातो’ ही ओळ त्यांची. शेतीपंपाला थ्री फेज लाइट दिवसाचे आठ तास मिळते, तीही एका आठवड्यात दिवसा तर एका आठवड्यात रात्री, हे कळल्यावर साहेबांनी वेळापत्रकाचं वेगळं पान केलं. त्यात पाणी उपसणं, दळण, आंघोळ आणि वहिनींची मालिका यांची सांगड घातली आहे. सौर पंपाचा पर्यायही आहे. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्केच भरावे लागतात. मागायला मात्र सातबारा आणि विहीर-बोअरसारखा पाण्याचा स्रोत लागतो, म्हणून तिथे साहेब थांबलेत.

गेलेल्यांना साहेबांचा हेवा वाटत नाही, साहेबांना त्यांचा वाटत नाही. ते वास्तुशांतीला आहेर नेतात, ओळी आणतात. दर ओळीबरोबर एकूण रक्कम वाढते, रक्कम वाढली की आणखी एखादी ठेव पिकायची वाट पाहावी लागते, आणि ठेव पिकेपर्यंत कुणीतरी चौथा माणूस कुठेतरी नवी चूक करतो.

परवा संध्याकाळी नाडकर्णी आले. मी तिथेच होतो, सोफ्याच्या उजव्या टोकाला. ते बराच वेळ पावसाबद्दल बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘कुणाला सांगू नका. आम्ही परत यायचं म्हणतोय. हिचे गुडघे. आणि हॉस्पिटल म्हटलं की पुणंच.’’

साहेबांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी संगणक सुरू केला, फाइल उघडली आणि अगदी शेवटच्या पानावर गेले. पानाचं नाव होतं ‘परत’. ओळी भरलेल्या होत्या. गाय : विकणे, देणे, की गड्याकडे सांभाळायला ठेवणे. कुत्रा : फ्लॅटमध्ये राहणार नाही, सोडून आला तर चालत येईल. कोंबड्या : निरोपाच्या जेवणात. मोटर काढून आणायची की ठेवायची. ट्रॅक्टर ट्रॉली, पहिले 700 मीटर. 

नाडकर्णींनी तारीख पाहिली. ‘‘हे 2013 चं आहे. आम्ही जायच्या आधीचं.’’

‘‘हो.’’

‘‘मग तेव्हाच दाखवायचं होतंत!’’

‘‘तुम्ही जाण्याचं पान मागितलं होतंत,’’ साहेब म्हणाले.

नाडकर्णी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘जमिनीचं काय करू? तुम्हीच घ्या की. वाटेचा निकाल लागलाय, बोअरला पाणी आहे, घर बांधलेलं आहे. पुणं दिसत नाही. जो भाव आम्ही दिला त्यातच देतो.’’

आतून भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी ओल्या हातांनीच दारात आल्या. मीही नीट सावरून बसलो. साहेबांनी चष्मा पुसला, पहिल्या पानावर आले आणि एकेका ओळीवर बोट ठेवत विचारत गेले. रस्ता, कुंपण, वीजजोड, टाकी. नाडकर्णी उत्तरं देत गेले आणि साहेब बरोबरच्या खुणा करत गेले. इतक्या बरोबरच्या खुणा त्या फाइलीने कधी पाहिल्या नव्हत्या.

‘‘बोअर किती फूट?’’

‘‘दोनशे ऐंशी.’’

‘‘बरोबर. केसिंग?’’

‘‘चाळीस.’’

साहेबांचं बोट थांबलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, नाडकर्णींकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

‘‘माझ्याकडे साठ आहे,’’ ते म्हणाले. ‘‘वीस फुटांचा फरक येतोय. आधी तो शोधायला पाहिजे.’’

वहिनी आत गेल्या. नाडकर्णींनी गाईचा भाव विचारला, आणि साहेबांनी फाइल नव्या नावाने साठवली.